एचबी तेवढंच, ऑक्सिमीटरही ९८, मग दम एकालाच का लागतो?

खानापूर_लॅब

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या लॅबमधून विचारायलोय. अ‍ॅनिमिया म्हटलं की आम्ही एचबीचा (हिमोग्लोबिनचा) आकडा लिहितो, खाली एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान), आणि रिपोर्ट देऊन टाकतो. पण आकडा आणि समोरचा पेशंट यांचा मेळ बसत नाही असं वारंवार होतं. नमुन्यादाखल तीन रिपोर्ट धरा.

एक बाई, तिशीच्या पुढची. एचबी ६.१, एमसीव्ही ६२, फेरिटिन (लोहाचा साठा) ४. फिकी पडलीय, पण भातलावणीला जाते, जिना चढून वर आली. ऑक्सिमीटर ९८.

एक मुलगा, बारा वर्षांचा. एचबी ६.४, एमसीव्ही ६४, एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) बहुतेक सगळं एचबीएफ (गर्भातलं हिमोग्लोबिन). तोच जिना चढताना मध्येच बसला. ऑक्सिमीटर ९८.

एक पुरुष, डॅप्सोन (कुष्ठरोगावरचं औषध) चालू. एचबी १३.८, म्हणजे कागदावर अ‍ॅनिमिया नाहीच. पण ओठ निळसर, सुईत आलेलं रक्त चॉकलेटी, ऑक्सिमीटर ८६ वर अडकलेला. ऑक्सिजन लावला तरी जागचा हलत नाही.

पहिल्या दोघांचं एचबी जवळपास सारखं आणि ऑक्सिमीटर तोच, मग फरक कशाचा? ऑक्सिजन पकडण्यात की सोडण्यात? कुठल्या अ‍ॅनिमियात हिमोग्लोबिनची पकड घट्ट होते आणि कुठल्या प्रकारात सैल, हे कुणी नीट लावून सांगेल का? आणि नातेवाईक ऑक्सिमीटर बघून "ऑक्सिजन तर बरोबर हाय की" म्हणतात, बेळगावला पाठवलं तरी जात नाहीत. त्यांना काय सांगायचं तेही सांगा.

---

फिजिओ_बेळगाव

तीन गोष्टी वेगळ्या करा म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. रक्तात हिमोग्लोबिन किती, त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, आणि पेशींपाशी गेल्यावर ते किती सहज सोडतं. लॅबचं मशीन पहिली गोष्ट सांगतं, ऑक्सिमीटर दुसरी. तिसरी कुणीच सांगत नाही, आणि तुमच्या पहिल्या दोन पेशंटमधला फरक बहुतांशी तिथे आहे.

आधी पहिल्या दोन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. निरोगी बाईचं एचबी १३ धरलं तर १०० मिली रक्तात १३ × १.३४ × ०.९८, म्हणजे १७ मिली. तुमच्या बाईचं ६.१ × १.३४ × ०.९८, म्हणजे फक्त ८ मिली. ऑक्सिमीटर दोघींना ९८च दाखवणार, कारण तो फक्त प्रमाण मोजतो: जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती लाल. निम्म्या गाड्या आल्या आणि सगळ्या गच्च भरलेल्या असल्या तर टक्केवारी पूर्ण, माल निम्मा. नातेवाइकांना हेच सांगा.

आता तिसरी गोष्ट. ऑक्सिजनचा दाब आणि सॅच्युरेशन यांचा आलेख काढला की इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र मिळतो. ज्या दाबाला हिमोग्लोबिन अर्धं भरतं त्याला पी-५० म्हणतात. मोठ्या माणसात तो २६ ते २७ मिमी पारा. पी-५० वाढला म्हणजे वक्र उजवीकडे सरकला, पकड सैल झाली, पेशींना जास्त सुटतं. कमी झाला म्हणजे डावीकडे, पकड घट्ट, सुटत नाही. आम्लता, कार्बन डायऑक्साइड आणि ताप वक्र उजवीकडे नेतात. अ‍ॅनिमियात मात्र मुख्य खेळ २,३-डीपीजीचा.

हा रेणू तांबड्या पेशीतच साखर जाळताना तयार होतो. ऑक्सिजन सोडून रिकाम्या झालेल्या हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत, दोन बीटा साखळ्यांच्या बेचक्यात (साधं हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन बीटा प्रथिन-साखळ्यांचं असतं), एक रेणू जाऊन बसतो आणि ते रिकामं रूप टिकवून धरतो. म्हणून ऑक्सिजन लवकर सुटतो. रक्त कमी असलं की पेशी जास्त ऑक्सिजन काढून घेतात, रिकामं हिमोग्लोबिन वाढतं, ते डीपीजी धरून ठेवतं, मोकळं डीपीजी घटतं आणि पेशी आणखी बनवते. लोहाच्या कमतरतेत पी-५० असा ३०-३१ पर्यंत जाऊ शकतो.

आकड्यांत बघा. निरोगी बाईत रोहिणीतलं ९८ टक्के रक्त नीलेत ४० मिमीला ७५ वर येतं. २३ टक्के सुटले, म्हणजे १०० मिलीमागे ४ मिली. शरीराची विश्रांतीतली गरज साधारण एवढीच. तुमच्या बाईचा पी-५० नेहमीचाच राहिला असता तर त्याच ४० मिमीला तिला १.९ मिलीच मिळाले असते. पी-५० ३१ धरला तर २.४ ते २.५. अजून कमीच, म्हणून नीलेतला दाब ३० पर्यंत उतरतो. तिथे सॅच्युरेशन ४८च्या आसपास येतं आणि बरोबर ४ मिली सुटतात. हृदयाला दुप्पट न पळवता विश्रांतीतली गरज भागली. हे सगळं हळूहळू, महिनोन् महिने होत आलं, म्हणून ती लावणी करू शकते.

मुलाचं गणित याच्या उलट. एचबीएफमध्ये बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. तिच्या १४३ व्या जागी हिस्टिडीनऐवजी सेरीन असल्यामुळे डीपीजी नीट बसत नाही. पेशीत डीपीजी कितीही वाढलं तरी उपयोग थोडा. बहुतेक सगळं एचबीएफ असेल तर पी-५० २० धरू. ४० मिमीला सॅच्युरेशन ८७, म्हणजे १०० मिलीमागे जेमतेम १ मिली सुटला. ३० मिमीला गेलं तरी २ मिली. बाईला जिथे ४ मिळाले, त्याच दाबाला याला निम्मे, आणि एचबी तर याचं ०.३ ने जास्त! ४ मिली हवे असतील तर नीलेतला दाब २०च्या आसपास उतरवावा लागेल, किंवा हृदयाने दुप्पट रक्त फेकावं. जिना चढताना मांडीचे स्नायू आणखी मागतात, तिथे तो बसणारच.

हे पी-५० धरून केलेलं गणित आहे, त्याच्या रक्ताचा मोजलेला आकडा नव्हे. मुलाची प्लीहा किती वाढलीय, हृदयात लोह साठलंय का, हेही पाहायला हवं. पण दिशा हीच.

---

चिकोडी_पॅथॉलॉजी

फिजिओ सरांनी पाया घातलाय, त्यावर प्रकार लावतो.

लोहाची कमतरता, बी-१२ किंवा फोलेटची कमतरता, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया: या सगळ्यांत हिमोग्लोबिनचा रेणू धडधाकट, फक्त कमी. डीपीजी वाढतं, वक्र उजवीकडे. बी-१२ मध्ये एचबी ४ पर्यंत उतरूनही माणूस चालत येतो, तो याच मंद गतीमुळे. लोहाच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट: स्नायूतलं मायोग्लोबिन आणि पेशीतले सायटोक्रोम यांनाही लोह लागतं, म्हणून एचबी ११ असतानाही थकवा असू शकतो. तो ऑक्सिजन पोचण्याचा प्रश्न नसतो, पोचलेला वापरण्याचा असतो.

अचानक रक्तस्रावाचं वेगळं. बाळंतपणानंतर जास्त रक्त गेलं तर डीपीजी वाढायला बरेच तास लागतात. पहिल्या काही तासांत वक्र हलत नाही. एचबीचा आकडाही लगेच उतरत नाही, कारण प्लाझ्माही त्याच प्रमाणात गेलेला असतो. तिथे नाडी, बीपी आणि लघवी बघायची. एचबी ९ आलं म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं.

थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिनच्या साखळ्या जन्मापासून कमी बनण्याचा आनुवंशिक आजार; त्यातल्या मेजर आणि इंटरमीडियाचं वर त्या मुलाच्या उदाहरणात आलंच. थॅलेसेमिया मायनरमध्ये (म्हणजे नुसता वाहक) एचबीएफ थोडंसंच असतं, एचबी साधारण १० ते १२, ऑक्सिजन सोडण्यात फारसा फरक नाही, पेशंट ठीक असतो.

अल्फा थॅलेसेमियातलं एचबीएच मात्र कपटी. चारही साखळ्या बीटाच. त्यात साखळ्या एकमेकींना ऑक्सिजन धरायला-सोडायला मदत करत नाहीत आणि पकड नेहमीच्या दहापट घट्ट. फुफ्फुसात भरतं आणि तसंच भरलेलं परत येतं. रिपोर्टवर एचबी ८ आणि त्यात २० टक्के एचबीएच असेल तर कामाचं ६.४च समजा. एचपीएलसीत हे अगदी सुरुवातीला, पहिल्याच मिनिटात बाहेर पडतं, घाईत दुर्लक्ष होतं. शंका आली तर ब्रिलियंट क्रेसिल ब्लू हा रंग घालून ३७ अंशांना ठेवा आणि स्लाइड बघा, पेशीभर बारीक निळे ठिपके दिसतात. गर्भात चारही अल्फा जनुकं नसतील तर चार गॅमांचं एचबी बार्ट्स बनतं. ते तर ऑक्सिजन सोडतच नाही म्हटलं तरी चालेल, बाळ पोटातच सुजून जातं.

सिकल सेल उजवीकडच्या गटात, पण कारण निराळं. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. पातळ द्रावणात या एचबीएसची (सिकलच्या हिमोग्लोबिनची) पकड मोठ्या माणसातल्या साध्या एचबीएइतकीच असते. पेशीच्या आत दाटी असते, तिथे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, आणि दोऱ्यात अडकलेल्या हिमोग्लोबिनची पकड सैल. त्यात डीपीजीही वाढलेलं. पी-५० ३० ते ३५, कधी त्याहून वर. एचबी ७-८ वर सिकलचा पेशंट बरा दिसतो तो यामुळे. पण हीच सैल पकड घातक: ऑक्सिजन लवकर सुटला की दोरे लवकर बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक केशवाहिनी तुंबते. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, आम्लता, सगळं यात भर घालतं.

पकड घट्ट करून दोरे थांबवायचे म्हणून व्हॉक्सेलोटॉर हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याने एचबीचा आकडा वाढायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण वेदनेचे झटके आणि मृत्यू यांकडे बघता फायदा धोक्यापेक्षा जास्त उरला नव्हता. हायड्रॉक्सियुरियाचं तत्त्व वेगळं आहे, ते एचबीएफ वाढवतं आणि एचबीएफ दोऱ्यात शिरत नाही. तेच आजही मुख्य औषध. राष्ट्रीय सिकल सेल मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, त्यात कर्नाटकही आहे. तपासणीचे नमुने आपल्या भागातही येऊ शकतात, म्हणून हे तपशिलात लिहिलं.

एन्झाइमचे अ‍ॅनिमिया दुर्मीळ, पण शिकायला यांच्यासारखं उदाहरण नाही. पायरुवेट कायनेज कमी असेल तर साखर जाळण्याच्या साखळीत अडथळा डीपीजीच्या नंतर येतो. वरचा माल तुंबतो, डीपीजी दुप्पट-तिप्पट होतं, पेशंट एचबी ७ वर शाळेत खेळतो. हेक्सोकायनेज कमी असेल तर अडथळा अगदी तोंडाशी, डीपीजी बनतच नाही, आणि एचबी ९-१० वरही धाप. जी-६-पीडीच्या (तांबड्या पेशीला इजेपासून वाचवणारं एन्झाइम) कमतरतेत वक्रात फारसा बदल नाही, तिथे भीती अचानक पेशी फुटण्याची.

---

निपाणी_सिस्टर

सगळ्यांनी छान लिहिलंय, वॉर्डातल्या चार गोष्टी मी घालते.

ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय तेव्हा श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. नाडी मोजा. मोठ्या माणसाचा बसल्याजागी श्वास २४च्या वर, नाडी ११०च्या वर, पायाला सूज, आडवं झोपवत नाही, यातलं काही असेल तर ऑक्सिमीटरकडे बघायचं सोडा आणि पाठवा. गरोदर बाईचं एचबी ७च्या खाली म्हणजे गंभीर. ५च्या खाली असेल तर कितवा महिना आहे ते न बघता दाखल करून रक्त. "निळी पडली नाही, म्हणजे ठीक आहे" असं घरचे म्हणतात. निळं दिसायला केशवाहिनीत डेसीलिटरमागे साधारण ५ ग्रॅम रिकामं हिमोग्लोबिन लागतं. एकूणच ५ असेल तर ती बाई कधी निळी पडणारच नाही, पांढरीच राहणार.

बोटाला मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट नाहीतर कानाची पाळी. हात गार असेल तर चोळून गरम करा. बेळगावच्या थंडीत सकाळी निम्मे खोटे आकडे त्यामुळेच येतात.

धुराचंही लिहायला पाहिजे. बिडी ओढणाऱ्यांच्या रक्तात ५ ते १० टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं असू शकतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीत गॅस गीझर असेल तर फार जास्त. ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं, तो ९८-९९ सांगतो. न्हाणीत पडलेला माणूस शुद्धीवर येऊन डोकं दुखतंय म्हणाला, उलटी झाली, तर आकडा चांगला दिसला तरी जास्तीत जास्त ऑक्सिजन लावून पाठवायचं.

---

फिजिओ_बेळगाव

सिस्टरनी कार्बन मोनॉक्साइड काढलं ते बरं झालं, कारण त्यातूनच तिसऱ्या पेशंटचं उत्तर निघतं.

निम्मं रक्त कमी असणं आणि निम्मं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवणं, दोन्हींत ऑक्सिजन धरायची क्षमता सारखीच अर्धी. पण एचबी ७ वर माणूस हिंडतो आणि ५० टक्के कार्बन मोनॉक्साइडवर कोसळतो. एका रेणूत ऑक्सिजन धरायच्या चार जागा. त्यातली एक-दोन कार्बन मोनॉक्साइडने अडवली की उरलेल्या जागांची पकडही घट्ट होते, वक्र डावीकडे. आहे तेही सुटत नाही.

डॅप्सोनवाल्याच्या रक्तात तेच मेथहिमोग्लोबिन करतंय. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन ते फेरसचं फेरिक झालं की ऑक्सिजन धरत नाही, आणि त्याच रेणूतल्या शेजारच्या चांगल्या जागा घट्ट होतात. १३.८ मधलं ३० टक्के असं झालं तर कामाचं ९.७ उरतं, आणि ते ९.७ सुद्धा साध्या अ‍ॅनिमियातल्या ९.७ पेक्षा वाईट. ऑक्सिमीटर दोन प्रकाशलहरींवर चालतो, ६६० आणि ९४० नॅनोमीटर. मेथहिमोग्लोबिन दोन्ही जवळपास सारखंच शोषतं, म्हणून आकडा ८५च्या आसपास येऊन अडकतो, खरं सॅच्युरेशन काहीही असो. तुम्ही सांगितलेलं चित्र पुस्तकी आहे. ऑक्सिजन लावूनही न हलणारा ८५-८६ आणि चॉकलेटी रक्त, एवढ्यावर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवा. फिल्टर पेपरवर थेंब टाकून हवेत धरा: साधं काळपट रक्त लाल होतं, हे तपकिरीच राहतं. पन्नास पैशाचं काम आहे.

तिथे मिथिलीन ब्लू शिरेतून १ ते २ मिलिग्रॅम प्रति किलो, पाच मिनिटांत सावकाश देतात. जी-६-पीडी कमी असेल तर ते औषध काम करत नाही, वर पेशी फोडतं, म्हणून ती तपासणी आधी मागतात.

चिकोडी, अथणीकडच्या ऊसपट्ट्यातल्या लोकांसाठी जोडून सांगतो: खताचं नायट्रेट बोअरच्या पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाकडे मेथहिमोग्लोबिन परत फिरवणारं एन्झाइम अपुरं असतं, म्हणून वरच्या दुधाची पावडर त्या पाण्यात कालवली की बाळ निळं पडू शकतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं. अंगावरचं दूध पाजणं सगळ्यात सुरक्षित.

---

खानापूर_लॅब

सर, मॅडम, खूप उलगडा झाला. दोन शंका उरल्यात. आमच्याकडे पी-५० मोजायचं मशीन नाही, मग वक्र सरकलाय हे कळणार कसं? ब्लड गॅसच्या रिपोर्टवर सॅच्युरेशन येतंय की, ते धरायचं का? दुसरं, रक्त चढवलं की एचबी वाढतं, पण पेशंट दुसऱ्या दिवशीही तसाच असतो अशी तक्रार येते.

---

चिकोडी_पॅथॉलॉजी

ब्लड गॅस मशीनचं सॅच्युरेशन बघताना ते मोजलेलं आहे की काढलेलं, हे आधी बघा. बरीच साधी मशीनं पीओटू (ऑक्सिजनचा दाब) आणि पीएच (आम्लता) मोजतात आणि नेहमीचा वक्र गृहीत धरून सॅच्युरेशन हिशोबाने लिहितात. ज्याचा वक्रच सरकलाय त्याच्यासाठी तो आकडा चुकीचा. कार्बन मोनॉक्साइड आणि मेथहिमोग्लोबिन तर त्याला दिसतच नाही. को-ऑक्सिमीटर जोडलेलं मशीन खरोखर मोजतं.

तसं मशीन हाताशी असेल तर नीलेच्या एका नमुन्यावरून पी-५० चा अंदाज निघतो. दंडाला पट्टा न बांधता रक्त घ्या, हेपरिन घातलेली सिरिंज, बुडबुडा लगेच काढायचा, बर्फात ठेवून लवकर चालवायचं. उशीर झाला तर पेशीच ऑक्सिजन खाऊन टाकतात. सूत्र असं: पीओटू गुणिले (उरलेला भाग भागिले भरलेला भाग) याचा ०.३७ घात. उदाहरण: पीओटू ४० आणि मोजलेलं सॅच्युरेशन ७५ टक्के. ०.२५ भागिले ०.७५, त्याचा ०.३७ घात ०.६७, गुणिले ४०, आलं २६.६. सामान्य. तोच पीओटू ४० आणि सॅच्युरेशन ६५ असेल तर ३१.८, म्हणजे उजवीकडे. सॅच्युरेशन २० ते ८० च्या मधलं असेल तेव्हाच हे चालतं, आणि पीएच ७.४ पासून फार दूर असेल तर दुरुस्ती करावी लागते.

एचबी मोजण्याबद्दलही लक्षात असू द्या. ड्रॅबकिनच्या पद्धतीत २० मायक्रोलिटर रक्त ५ मिली द्रावणात, ठरलेली मिनिटं थांबून ५४० नॅनोमीटरला वाचन. ते द्रावण साधं, गर्भाचं, मेथ, सगळंच एका रंगात बदलतं. म्हणजे कामाचं आणि बिनकामाचं हिमोग्लोबिन एकाच आकड्यात येतं. डॅप्सोनवाल्याचं १३.८ तसंच आलंय. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील किंवा सीरम दुधाळ असेल तर गढूळपणामुळे आकडा खोटा वाढतो.

सिकलिंगची स्लाइड तुमच्याकडे सहज होईल. सोडियम मेटाबायसल्फाइट ०.२ ग्रॅम १० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, रोज ताजं. कालचं द्रावण हवेतला ऑक्सिजन खाऊन संपलेलं असतं, निगेटिव्ह चुकतं ते बहुधा त्यानेच. स्लाइडवर रक्ताचा थेंब, द्रावणाचा थेंब, कव्हरस्लिप, आत बुडबुडा नको, चारही कडा व्हॅसलिनने बंद. अर्ध्या तासाने बघा, नसेल तर दोन तासांनी, शेवटचं २४ तासांनी. सोबत एक पक्का पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावा. पॉझिटिव्ह आलं तरी वाहक की रोगी हे यातून कळत नाही, त्याला एचपीएलसीच. सहा महिन्यांखालच्या बाळात एचबीएफमुळे चाचणी फसते.

---

रक्तपेढी_रात्रपाळी

रक्त चढवल्यानंतरच्या शंकेचं उत्तर: पिशवीतल्या रक्तातही डीपीजी संपतं. ४ अंशांना ठेवलेल्या तांबड्या पेशींत पहिल्या एक-दोन आठवड्यांत ते झपाट्याने उतरतं, त्यानंतर जवळजवळ शून्य. पिशवीची मुदत मात्र सीपीडीए-१ मध्ये ३५ दिवस, सॅगएमच्या पिशवीत ४२ दिवस (ही रक्त टिकवणारी द्रावणं). म्हणजे मुदतीतल्याच जुन्या पिशवीतलं हिमोग्लोबिन चढवल्याक्षणी घट्ट पकडीचं असतं. अंगात गेल्यावर डीपीजी पुन्हा बनतं, बराचसा भाग २४ तासांत, पूर्ण व्हायला दोन-तीन दिवस. एका पिशवीने मोठ्या माणसाचं एचबी साधारण १ ग्रॅमने वाढतं. ते दुसऱ्या दिवशी रिपोर्टवर दिसतं, पण त्या ग्रॅमचं पूर्ण काम थोडं उशिरा सुरू होतं.

म्हणून ताजंच रक्त द्या असा हट्ट मात्र नको. मोठ्या चाचण्यांत सरसकट ताजं रक्त देऊन मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. नवजात बाळाचं रक्त बदलताना किंवा फार मोठ्या प्रमाणात रक्त चढवताना पाच-सात दिवसांच्या आतली पिशवी मागितली तर आम्ही समजून देतो.

जुनाट अ‍ॅनिमियात घाई जीवघेणी ठरते. त्या बाईचं हृदय आधीच जास्त पळतंय, रक्ताचं एकूण आकारमान भरलेलं आहे. तिला पॅक्ड सेल (प्लाझ्मा काढलेल्या तांबड्या पेशी), एका वेळी एक पिशवी, सावकाश, पण बाहेर काढल्यापासून चार तासांच्या आत संपलं पाहिजे. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून नंतर लावायचं नाही. स्थिर पेशंटला ७च्या वर असताना सहसा रक्त लागत नाही. सिकलच्या पेशंटला १०च्या वर नेऊ नका, रक्त घट्ट होऊन वाहिन्या तुंबतात. थॅलेसेमियाच्या मुलाचं एचबी चढवण्याआधी ९.५ ते १०.५ राहील असं वेळापत्रक लावतात. त्यात त्याची स्वतःची एचबीएफची निर्मिती दबते आणि दुसऱ्याचं साधं एचबीए अंगात राहतं. म्हणजे नुसता आकडा वाढत नाही, वक्रही जागेवर येतो.

---

फिजिओ_बेळगाव

रक्तपेढीच्या मुद्द्याला जोड. डीपीजी बनायला फॉस्फेट लागतं. लोहाचं इंजेक्शन फेरिक कार्बोक्सिमाल्टोज परत परत दिलं तर काही जणांत मूत्रातून फॉस्फेट निघून जातं. एचबी ८ वरून ११ झालं आणि तरी अशक्तपणा वाढतोय, हाडं दुखतायत, असं कुणी सांगितलं तर सीरम फॉस्फेट करा. सामान्य २.५ ते ४.५ मिलिग्रॅम. फार उतरलं असेल तर वक्रही डावीकडे गेलेला असतो.

ऑक्सिजन लावावा का, असं एकाने मला वेगळ्याने विचारलंय. एचबी ६ आणि सॅच्युरेशन ९८ असताना हिमोग्लोबिनमध्ये आणखी जागा नाही, पण प्लाझ्मात विरघळतो. दाबाच्या ०.००३ पट. साध्या हवेत ०.३ मिली, पीओटू ५०० पर्यंत नेला तर १.५ मिली. निरोगी माणसात हे नगण्य, पण ज्याच्याकडे एकूण ८ मिलीच आहेत त्याला वरचे १.२ मिली मोलाचे. रक्त येईपर्यंत लावून ठेवा.

---

खानापूर_लॅब

शेवटचं विचारतो. त्या बाईचं एचपीएलसी पण झालंय, एचबीए-२ (थॅलेसेमियाच्या वाहकात वाढणारं हिमोग्लोबिन) ३.२ टक्के आलंय. थॅलेसेमिया मायनर नाही असं लिहून मोकळं होऊ का? घरात लग्नाची मुलगी आहे, म्हणून विचारतायत.

---

चिकोडी_पॅथॉलॉजी

नका लिहू. फेरिटिन ४ असताना ए-२ खाली ओढलं जातं, ३.५च्या वरचा वाहक ३.२ दिसू शकतो. तांबड्या पेशींची संख्या बघा: एमसीव्ही भागिले संख्या १३च्या खाली आली तर थॅलेसेमियाकडे झुकतं, वर आली तर लोहाकडे. पण दोन्ही एकत्र असतील तर हाही निकष डगमगतो. रिपोर्टवर असं लिहा: "लोहाची कमतरता भरून काढल्यानंतर एचबीए-२ पुन्हा तपासावे."

लोह तीन महिने द्या. गोळी रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर, चहा आणि दूध एक-दोन तास लांब. मग फेरिटिन आणि एचपीएलसी परत. मध्ये रक्त चढवलं गेलं तर शेवटच्या पिशवीनंतर तीन महिने थांबावं लागेल, नाहीतर रक्तदात्याचंच ए-२ मोजाल. मुलीसाठी मात्र एवढं थांबायची गरज नाही. तिचं सीबीसी, फेरिटिन आणि एचपीएलसी आत्ताच वेगळं करा, आणि होणाऱ्या नवऱ्याचंही.